स्थानिक खेकडा

मामा दोनच गोष्टी फुकट देत: सल्ला आणि आशीर्वाद. बाकी कशालाही त्यांचा हात सैल सुटत नसे. भाच्याच्या ॲनिमेशन स्टुडिओचे हिशेब त्यांच्याकडे आले तेव्हापासून तिथली पेन्सिल बोटाला टोचेपर्यंत वापरली जाई, आणि चहात दूध घालताना माणसं आधी मागे वळून बघत.

स्टुडिओ होता गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, एक जिना, आणि जिन्यात कायम कापसाचा वास. आवाज मुद्रित करायची एक तिसरी खोलीही होती, पण ती मामांनी बांधली होती, म्हणजे बांधली नव्हतीच. खालच्या दुकानदाराकडे परत आलेल्या गाद्या त्यांनी चारही बाजूंनी उभ्या केल्या आणि वर एक आडवी टाकली. आत गेलेल्या माणसाचा आवाज स्वच्छ येई, पण पाच मिनिटांत त्याला झोप येई. मामांच्या मते हा दोष गादीचा नव्हता, माणसाचा होता.

या जागेत भाचा आणि त्याची माणसं एका खेकड्याचा चित्रपट करत होती. खेकडा शिंपी होता. स्वतःच्याच नांग्यांनी कापड कापायचा, आणि तिरका चालत असल्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरात दाराऐवजी शेजारच्या खिडकीतून शिरायचा. मामांना चित्रपटातलं काही कळत नसे, पण कात्रीचा खर्च नसलेला शिंपी त्यांना मनापासून आवडला होता.

सगळी मदार होती सरकारच्या सवलतीवर. योजना अशी की चित्रपट इथे करा, इथल्या माणसांना काम द्या, मग इथे झालेल्या खर्चातले शंभराला तीस सरकार तुमच्या करातून परत देणार. सीमेपलीकडच्या देशाचं सरकार चाळीस देत होतं. एकाच गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी हाका मारणाऱ्या दुकानदारांसारखी ही दोन सरकारं ओरडत होती, आणि गिऱ्हाईक होता मामांचा भाचा.

पलीकडून हाका मारायला घरचाच माणूस होता. मामांच्या भाचीचा, म्हणजे भाच्याच्या ताईचा नवरा. दाजी तिकडे विम्याच्या कंपनीत होते. दर रविवारी त्यांचा फोन येई. तिकडे ये, मोठा स्टुडिओ भागीदारीत घ्यायला तयार आहे, गाद्यांवर कसले चित्रपट काढतोस, असं ते भाच्याला ऐकवत. भाच्यानेही शेवटी सांगून टाकलं होतं की सवलत मिळाली तर पुढचा चित्रपट इथेच, नाही मिळाली तर तो निघाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब होता, आणि तो हिशेब मामांनीच त्याला शिकवला होता.

आईबाप गेले तेव्हा ही भावंडं मामांकडे आली होती. मामांनी लग्न केलं नव्हतं. त्यात खर्च वाचला असं ते सांगत, आणि लोक ते खरं मानत. ताई लग्न होऊन गेली. आता भाचाही गेला तर घरात ऐकायला भिंती आणि भांडायला फक्त बातम्या सांगणारा माणूस उरणार होता. हे त्यांना दिवसातून बऱ्याचदा आठवे, आणि आठवलं की ते उठून कुठला तरी दिवा बंद करत.

अर्ज मामांनी स्वतः भरला. तो तपासायला सरकारी कार्यालयातून एक बाई आल्या. स्टुडिओत त्यांचं नाव लगेच सवलतबाई पडलं. बाई पन्नाशीच्या, आवाज संथ, चेहऱ्यावर ना हो ना नाही. त्यांच्याजवळची प्रश्नांची यादी खऱ्या नटांच्या चित्रपटांसाठी केलेली होती, आणि त्यातला एकही प्रश्न गाळायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं. चित्रीकरण कुठे झालं, असं त्यांनी विचारलं. समुद्रात, असं मामांनी सांगितलं. समुद्र दाखवा, म्हणाल्या. मामांनी त्यांना खिडकीजवळच्या तिसऱ्या कंप्युटरकडे नेलं. बाईंनी समुद्र नीट पाहिला आणि यादीवर खूण केली.

मग त्यांनी अर्जाचं एक पान समोर धरलं.

"मुख्य कलाकार, इथे तुम्ही लिहिलंय, खेकडा."

"हो."

"राहण्याचं ठिकाण, स्थानिक."

"आपल्याच हद्दीतला समुद्र आहे तो," मामा म्हणाले.

"कर भरतो?"

बाईंनी शांतपणे समजावलं की चित्रातल्या पात्राला सरकार ओळखत नाही. कलाकार म्हणजे त्याला आवाज देणारा माणूस. तो इथे राहणारा हवा, त्याला इथे मानधन दिलेलं हवं आणि त्यावर इथे कर कापलेला हवा. मुख्य कलाकाराच्या बाबतीत ही अट पाळली नाही, तर तीस राहिले बाजूला, एकसुद्धा मिळणार नाही. तेव्हा आवाज कुणाचा?

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांनी समुद्राकडे पाहिलं.

आवाज दाजींचा होता. आणि ही अक्कल मामांचीच. व्यवसायातला कलाकार मानधन मागतो, घरचा माणूस मागत नाही. शिवाय जावयाला मान दिल्यासारखं होतं आणि ताईही खूश. फुकटचं ते पौष्टिक, असं म्हणून मामांनी दाजींना त्यांच्या तिकडच्या घरी, कपड्यांच्या कपाटात उभं राहून सगळे संवाद बोलायला लावले होते. राहतात तिकडे, मानधन शून्य, कर शून्य. तिन्ही अटी एका फटक्यात मोडायला दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

मामांनी एक शेवटची फट शोधून पाहिली. खेकडा मुख्य नाहीच, म्हणाले, मुख्य तो तारामासा.

"अर्जासोबतचा चित्रपट मी पाहिलाय," बाई म्हणाल्या. "खेकडा नसलेला एकच प्रसंग आहे त्यात. आणि त्यात सगळे जण खेकडा कुठे गेला हेच विचारतात."

जाताना त्यांनी महिनाअखेरीची मुदत दिली. आवाज बदला, नाही तर अर्ज मागे घ्या.

आवाज बदला म्हणणं सोपं होतं. पण या धंद्यात आधी आवाज आणि मग तोंड. माणूस जसा बोलला असेल त्या बेताने चित्रातली तोंडं काढतात. कुठे उघडायचं, कुठे मिटायचं, कुठे दम घ्यायचा, सगळं आवाज ठरवतो. ही तोंडं काढायचं काम एका मुलीकडे होतं. दिवसभर ती चकार शब्द काढत नसे, म्हणून सगळे तिला तोंडाळ म्हणत. दाजींच्या आवाजावर तिने वर्षभर तोंडं काढली होती. ती पुन्हा काढायला ना वेळ होता ना पैसा. नवा माणूस हवा होता, पण त्याने बोलायचं मात्र दाजींसारखं.

आणि दाजींची बोलायची तऱ्हा जगावेगळी. ते झपाझप बोलत जात आणि नेमका महत्त्वाचा शब्द आला की त्याच्या उंबऱ्यावर थांबत. ऐकणारा ताटकळत राही. मग तो शब्द सावकाश बाहेर येई, आणि बहुतेक वेळा तो ताटकळण्याच्या लायकीचा नसे. याच माणसाची दुसऱ्यांकडे सतत तक्रार असे की मुद्द्याचं बोला.

मामांनी छातीवर दगड ठेवून एक कलाकार पैसे देऊन आणला. आवाज असा की जिन्यातला कापूस शहारावा. पण त्याचं वाक्य संपलं तरी खेकड्याचं तोंड चालूच, जणू खडीसाखर चघळतोय. उलट खेकडा तोंड मिटून थांबे तिथे हा घणघणत असे. तिसऱ्या दिवशी भाच्याने त्याला जरा अडखळून बोला असं सुचवलं. त्यावर तो म्हणाला की अडखळणं घालवायला त्याने गुरूकडे आठ वर्षं घालवली आहेत. तो निघून गेला. गेलेल्या दिवसांचं मानधन घेऊन गेला, हे मामांना जास्त लागलं.

पडद्यावर आवाज बंद केलेला खेकडा नांग्या हलवत मुकाट बडबडत होता. भाचा खुर्चीत मान मागे टाकून पडला होता. त्याच्या टेबलावर पलीकडच्या स्टुडिओचा करार आठवडाभर पडून होता. आज त्याच्या शेजारी पेनही होतं.

मामांनी ते पेन पाहिलं आणि ठरवलं की निदान जावयाची नाराजी तरी आपण निस्तरावी. त्यांचा आवाज बदलायचाच आहे, मग नवा मिळो न मिळो, दाजींना सांगणं आलं. स्वतः सांगायची त्यांची छाती नव्हती. जावयाला आधी मान दिला आणि मग काढून घेतला, तर ताईला घरात काय काय ऐकावं लागेल हे ते जाणून होते. तेव्हा त्यांनी दाजींच्या आईला फोन लावला. विहीणबाई याच शहरात, बँकेतून निवृत्त होऊन एकट्या राहत. मामांनी सवयीने फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. एका कामात दोन हात गुंतवणं त्यांना उधळपट्टी वाटे.

मामा क्षेमकुशल विचारून चुकले. विहीणबाईंचा स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि त्यांना ते सांगायला कुणीतरी हवंच होतं.

"काय सांगू मामा, तो नळवाला येतो, वाकून बघतो, मान हलवतो, पाणी पितो, आणि म्हणतो... उद्या. मी म्हटलं, अरे बाबा, रोज तू येतोस आणि रोज माझी एकच गोष्ट दुरुस्त होते, ती म्हणजे... तुझी तहान."

तोंडाळ खुर्चीतून उठली. तिने भाच्याचा खांदा धरला आणि पडद्याकडे बोट केलं. पडद्यावर खेकडा बोलत होता. विहीणबाई झपाझप बोलल्या की तो झपाझप बोलत होता, त्या थांबल्या की नांगी हवेत धरून थांबत होता, आणि त्यांनी "तहान" म्हटलं तेव्हा त्याचं तोंड उघडून मिटलं.

"तोंड जुळतंय," तोंडाळ म्हणाली. तिचा आवाज काही जणांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

भाचा फोनवर ओणवा झाला. मामांना त्याने खुणेने बजावलं, बोलत ठेवा. मामांनी मग नळाबद्दल असे काही प्रश्न विचारले की विहीणबाईंना वाटलं, हा माणूस नळाचं दुकान काढतोय. गाद्यांची माणसं खालून वर आली. कुणी हसत नव्हतं. समुद्राच्या तळाशी एक खेकडा निवृत्त बाईचा नळ गळत असल्याची तक्रार करत होता, आणि ते सगळ्यांना अगदी खरं वाटत होतं.

भाच्याने फोनवर सगळं सांगितल्यावर विहीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या. गाद्यांची खोली त्यांनी बाहेरूनच पाहिली, एक गादी दाबून पाहिली, आणि मुद्द्यावर आल्या.

"कर मी भरते. दरवर्षी भरते. शिव्या देत भरते, पण भरते. आता माझे किती?"

मामांनी घसा साफ केला. घरचंच काम आहे, आपलेच दात आपलेच ओठ, असं काहीसं त्यांनी सुरू केलं.

"मामा, फुकटात काम घेतलंत म्हणून तर आज मला बोलवावं लागलं," विहीणबाई म्हणाल्या. "जो आवाज फुकट मिळाला तो सरकारला चालला नाही. माझा चालायला हवा असेल तर तो... महाग हवा."

त्या थांबल्या तेवढ्या क्षणात मामांनी मनात एक आकडा धरला होता. विहीणबाईंनी सांगितलेला त्याच्या दुप्पट निघाला. भाच्याने मामांच्या आधीच हो म्हटलं.

काम त्यांनी गादीवर बसून केलं आणि त्यांना झोप आली नाही. नोटा मोजायच्या काचेआड आयुष्य काढलेलं, त्यामुळे बंद खोलीतून बाहेरच्यांना सुनावायची सवय होती. मुलाच्या आवाजातलं जुनं मुद्रण एकदा ऐकायचं आणि मग आपलं बोलायचं, असं ठरलं होतं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी ते बंद करायला लावलं. कसं बोलायचं हे मला त्याच्याकडून नको शिकायला, म्हणाल्या, त्याला मी शिकवलंय.

राहता राहिला एक प्रश्न. दाजींना कोण सांगणार?

"मी सांगते त्याला," विहीणबाई म्हणाल्या. मामांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगा मामेसासऱ्यावर रुसेल, मेहुण्यावर रुसेल, आईवर रुसून जाईल कुठे?

महिनाअखेरीला चित्रपट सवलतबाईंना दाखवायचा होता. भाच्याने एक छोटं सभागृह भाड्याने घेतलं आणि घरच्यांनाही बोलावलं. ताई आणि दाजी विमानाने आले. दाजी नव्या कोटात होते. दारात भेटलेल्या प्रत्येकाशी त्यांनी हात मिळवला, आणि मामांना म्हणाले, बघू तरी आपला खेकडा काय म्हणतो. मामांना तो "आपला" जरा खटकला. पण विहीणबाई मागून शांतपणे येत होत्या, म्हणून ते निर्धास्त आत गेले.

दिवे मालवले. समुद्र आला, खिडकीतून खेकडा शिरला, आणि त्याने तोंड उघडलं. मामांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते दाजींकडे पाहत होते. पहिल्या वाक्याला दाजी ताठ झाले, शाळेत नाव पुकारल्यावर मूल होतं तसे. मग हळूहळू सैल पडले. मग मान डोलवायला लागले. हसू आलं की इकडेतिकडे बघायचे, लोक हसताहेत ना याची खात्री करून घ्यायचे. समजूतदार आहे हो मुलगा, असं मामांना वाटलं. विहीणबाईंनी चांगलंच समजावलेलं दिसतंय.

दिवे लागले. सवलतबाई कागद सावरत उठल्या आणि दाजींनी त्यांना गाठलं.

"कसा वाटला आवाज?" दाजी म्हणाले. "मशीनमधून जरा बारीक केलाय त्यांनी, पण चांगला केलाय. तो खेकडा म्हणजे... मीच."

सवलतबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही राहता कुठे?"

दाजींनी अभिमानाने पलीकडच्या देशाचं नाव सांगितलं. भाचा डोळे मिटून उभा राहिला. मामांना वाटलं, पुढे होऊन या माणसाचं तोंड हाताने बंद करावं. पण जावयाच्या तोंडाला हात लावण्याचं धाडस त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ते नुसते त्याच्या कोटाच्या बाहीला धरून उभे राहिले.

मागच्या रांगेतून आवाज आला.

"कात्री माझ्या हातातच आहे हो, पण आधी एवढं सांगा, हे कापड... कुणाचं?"

खेकड्याचं पहिलं वाक्य होतं ते. सवलतबाई वळल्या. दाजी वळले. विहीणबाई पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मानधन मिळाल्याचा आणि त्यावर कर कापल्याचा कागद त्यांनी पर्समधून काढून पुढे धरला. त्यांची सही झोकदार होती, खेकड्याच्या चालीसारखी तिरकी. सवलतबाईंनी तो वाचला, विहीणबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग खूण केली.

दाजींचा चेहरा मात्र पाहवत नव्हता. ते आईसमोर जाऊन उभे राहिले. काही क्षण त्यांना महत्त्वाचाच काय, कुठलाच शब्द सापडेना.

"आई, तू मला सांगितलं नाहीस."

"दर रविवारी सांगत होते," विहीणबाई म्हणाल्या. "मी सुरुवात करते, नळाचं सांगते, शेजारचं सांगते, आणि मुद्द्याशी येऊन जरा थांबते. तेवढ्यात तू म्हणतोस, आई, मुद्द्याचं बोल, मला उशीर होतोय. आणि फोन ठेवतोस."

दाजी ऐकत होते.

"खेकड्याचं जाऊ दे. गेल्या तीन वर्षांत मी तुला एकही गोष्ट पुरी सांगितलेली... नाही."

त्या थांबल्या तेव्हा दाजींनी तोंड उघडलं नाही. शब्द येईपर्यंत ते थांबले. मग ते शेजारच्या खुर्चीत बसले, कोट काढून मांडीवर घेतला आणि म्हणाले, नळाचं काय झालं, सांग. विहीणबाईंनी ते अगदी पहिल्यापासून सुरू केलं. ताईने मामांकडे पाहून डोळे पुसले. आपली भाची आता घरी सुखाने जाईल, हे मामांना त्या पुसण्यावरून कळलं.

सवलतबाईंनी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की अर्जाला त्यांच्याकडून हरकत राहिलेली नाही, तीस मिळतील. भाच्याने मामांकडे पाहिलं. मामा लगबगीने सभागृहातला एक दिवा बंद करायला गेले, आणि तो जागेवर सापडला तरी बराच वेळ त्याच्याशी खटपट करत राहिले.

परत आले तेव्हा दाजी नळातून वर आले होते आणि पूर्वपदावरही येत होते. तिकडे अजूनही चाळीस देतात, असं ते भाच्याला सांगत होते.

"देतात," भाचा म्हणाला. "पण दाजी, तिकडे तुमची आई कुठे आहे? पुढच्या चित्रपटातही खेकडा आहे."

दाजींचा पडलेला चेहरा पाहून भाच्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, चित्रपटाच्या शेवटी श्रेयनामावलीत तुमचं नाव घालूया की. आवाज आईंचा असला तरी तोंडं तुमच्यावरूनच काढलीत. थांबायच्या सगळ्या जागा तुमच्याच आहेत. दाजी एकदम उजळले. तोंडाळनेही मान डोलावली.

दारापर्यंत गेलेल्या सवलतबाई परत फिरल्या.

"थांबायच्या जागा," त्या म्हणाल्या. "याचं मानधन इथे दिलंय का?"

"नाही बाई," मामा घाईघाईने पुढे झाले. "थांबण्याचे आम्ही कुणालाच पैसे देत नाही."